जीभ वर कर

कुत्रं भुंकायच्या आधी तिची काठी ऐकू यायची,
दगडावर, मग दगडावर.
मग दार. मग थंडी. मग ती,
अंगभर घोंगडी, गळ्याशी मोठी पिन,
आणि पिशवी, जिच्यावरचं कुठल्याशा मोहिमेचं नाव
धुऊन धुऊन अर्धंच उरलेलं.

मा-लिकेलेली म्हणजे लिकेलेलीची आई.
लिकेलेली म्हणजे आसवं.
आमच्या लेसोथोच्या डोंगरात बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात,
म्हणून ही जन्मभर आसवांची आई.
रडताना तिला मी पाहिलं नाही.
चिडताना पाहिलं. पुष्कळदा.

"तोंड उघड."
चार गोळ्या, तांबूस, घोड्याला द्याव्यात एवढ्या.
"पाणी. गीळ. आता जीभ वर कर."

तेवीस वर्षं मी सीमेपलीकडे जमिनीच्या पोटात सोनं फोडलं,
दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांचं.
तिथला मुकादमही पाळी संपली की
असंच तोंड उघडायला लावायचा,
दाढेत खडा दडवलाय का बघायला.
पहिल्याच दिवशी मी तिला हे ऐकवलं.
ती म्हणाली, "तो बाहेर काय चाललंय ते बघायचा.
मी आत काय गेलं ते बघते. जीभ वर."

लघवी केशरी झाली तेव्हा हातपाय गळाले माझे.
"औषधाचा रंग आहे," म्हणाली,
आणि वहीत रेघ ओढता ओढता,
"नाहीतर तेवीस वर्षांचं सोनं निघत असेल."

दुसऱ्या महिन्यात गोळी गालात धरायला शिकलो.
ती वळली की अंगणात थुंकायचो.
कोंबड्यांनीही टोचून सोडून दिल्या.
तिला सापडल्या तीन.
बोलली नाही काही. चूल पेटवली,
मक्याचं पीठ घोटून घोटून घट्ट केलं, पुढ्यात ठेवलं.
"उपाशी पोटी मळमळतं,
एवढं सांगायला जीभ झडली होती का तुझी?"
पीठ तिच्या घरचं होतं, हे मागाहून कळलं.
तिचं मानधन पाच महिने आलं नव्हतं,
हे त्याहून मागाहून.

जुलैत बर्फ पडला, दाराच्या उंबऱ्याइतका.
काठी वाजली नाही.
सूर्य वर आला. गोळ्या माझ्या मुठीत,
पाणी भांड्यात, गिळायला अडचण काहीच नाही,
आणि गिळवेना.
कुणी बघितल्याशिवाय
माझं गिळणं मला खरंच वाटेना.

निघालो. सहा महिन्यांपूर्वी गोठ्यापर्यंत जाताना
तीनदा बसणारा मी, त्या बर्फातून
वरच्या वस्तीपर्यंत चढलो.
मात्सेपेच्या झोपडीतून ओरडणं ऐकू येत होतं, बाईचं.
क्लिनिकचा रस्ता बुजलेला, नर्स नदीपलीकडे,
आत मा-लिकेलेली एकटी.
बाळंतिणीच्या दाराशी पुरुषानं जाऊ नये,
माझ्या छातीच्या माणसानं तर नाहीच.

तिनं दार किलकिलं केलं. कोपरापर्यंत ओले हात.
"तिथंच! त्या दगडापाशी थांब!"
थांबलो.
"आणल्यास?"
मूठ उघडून दाखवली.
"गीळ."
पाणी घरीच राहिलं होतं. बर्फ खाल्ला मूठभर.
मग वीस पावलांवरून, आभाळाकडे तोंड करून,
पन्नाशीचा मी, जीभ वर करून उभा.
एवढ्या लांबून तिला काय दिसलं असेल!
पण मान हलवली तिनं, दार लावलं,
आणि थोड्या वेळानं आत
कुणीतरी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

वहीतल्या माझ्या रेघा आता संपल्यात.
शेवटच्या थुंकीत काही निघालं नाही.
तरी कुत्र्याच्या आधी जाग येतेच.
मा-लिकेलेली खालून जाते, थांबत नाही,
मात्सेपेच्या पोराचा दंड मोजायचा असतो तिला,
त्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्टीनं.

काल चढावर ती खोकली. दोनदा.
वाऱ्याकडे पाठ करून, घोंगडीत.
मी भिंतीवरून विचारलं, किती दिवस?
म्हणाली, "धूळ आहे रे."
मी उतरलो, तिची वाट अडवून उभा राहिलो.
बाई, खाली खाणीत
आम्हीही आधी धूळच म्हणत होतो.