लोणा

मुहर्रकच्या त्या गल्लीत
समोरून कुणी आलं तर
एकानं भिंतीला पाठ लावायची असते.
पहिल्या दिवशी मी लावली,
आणि शर्टावर पांढरं उठलं.
मीठ.

घर जासिम बूखलफचं.
भिंत हातभर जाड, समुद्रातून काढलेल्या
पोवळ्याच्या दगडाची. ओळंब्याला ती जुमानत नाही.
"दुपारी तापते," तो म्हणाला, "आणि रात्री दहाला
माझ्या खोलीत दुपार होते."
हिंदी त्याची रेडिओच्या दुकानात शिकलेली.
माझं नाव परकार, त्याच्या तोंडात बरकार.

मागच्या साली कुणी थर्माकोल ठोकून गेलेलं.
पहिला पत्रा उचकटला
तर मागे भिंत घामेजलेली,
लोणा बोटभर फुगलेला,
टोकरलं की भुरभुर खाली.
म्हटलं, बाबा, हिला श्वास लागतो.
तो म्हणाला, आणि मला विजेचं बिल.

मग चुना भिजत घातला. तीन आठवडे.
खजुराचा काथ्या हातानं तोडून त्यात कालवला.
दाभोळला नारळाचा असता.
वास वेगळा, बोटं तशीच सोलतात.
चार बोटं जाडीचा गिलावा,
एका खेपेला एकच बोट,
मग थांबायचं. पुन्हा थांबायचं.
कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघायचा,
भिंत कुणाकडेच नाही.

बारा ते चार काम बंद, जुलैचा कायदा.
तेव्हा मी तिच्याच सावलीत आडवा.
एकदा कान लावून पाहिला.
काही ऐकू आलं नाही.
समुद्र वगैरे नाही, उगाच कशाला सांगू.

दक्षिणेच्या खोलीत थापी उचलली
तर जासिम मध्ये आला.
"इथे नको."
खाटेच्या उंचीवर, एका पाठीएवढी जागा.
थंडीत नूरा इथे टेकून बसायची,
दिवसभराचं ऊन रात्री पाठीला घ्यायची.
आता ती रिफ्फाला, मुलाकडे.
भांडून नाही, गुडघ्यांमुळे. इथला जिना चढवत नाही.
तिथल्या भिंती, म्हणे, बारा महिने गार.

इंजिनीयर बघून म्हणाला,
सगळी उष्णता इथूनच आत येणार.
जासिमनं त्याला चहा दिला.
मी कडेनं गिलावा निमुळता करत आणला,
ती जागा सोडली.
आत फक्त चुन्याचा एक हात,
पापुद्र्यासारखा.

शुक्रवारी हिद्दच्या खोलीवर.
आम्ही सहा जण, भिंत चार इंची, पोकळ ब्लॉकची.
इथे दुपार दुपारीच येते,
वाटेत कुठे थांबत नाही.

बादलीत शर्ट बुडवला, पाणी दुधासारखं झालं.
त्यात भिंतीचं मीठ किती, माझं किती,
हिशेब लागला नाही.
साबण जास्त लागला.