पासपोर्ट साइज

निपाणीत बसस्टँडच्या मागं शिरगुप्प्याचा स्टुडिओ.
पडद्यावर काश्मीर हाय, खाली प्लास्टिकची फुलं.
मी स्टुलावर बसलो, पदर नीट केला.
त्यो म्हणाला, हनुवटी वर, अजून वर,
अन् लाईट दोनदा तोंडावर मारला
विहिरीत काय पडलंय बघावं तसा.

दहा मिनिटांत आठ फोटो हातात.
आठीच्या आठी बाया गोऱ्या.
पांढरं करून दिलंय अक्का, त्याचे पैसे नकोत.
म्हटलं, कुणाला विचारून?
म्हणाला, सगळ्याच सांगतात.

खरं हाय. मीपण सांगितलं असतं
वीस वर्षांमागं, हायवेच्या लॉजवर,
जवा मॅनेजर आमाला भिंतीला लावून
तोंडाकडं बघून दर ठरवायचा.
चंपाला पाचशे.
मला दीडशे, अन् ट्यूब बंद करायची.
त्या बटणाचा टक् अजून कानात हाय.
घरात कुणी दिवा घालवला
तरी मी आदी दाराकडं बघतो.

क्रीम लावली दोन वर्षं. गालाची साल गेली,
कोपरं काळीच ऱ्हायली.
कोल्हापूरचा यायचा, म्हणायचा, कानडी दिसतीस.
धारवाडचा यायचा, म्हणायचा, मराठी काय गं तू?
मग दोघंबी हळूच विचारायचे,
गावात घर कुठल्या अंगाला?
मी खरं सांगायचो. खोटं सांगून कुठं जाणार,
ह्या मुलखात वेशीबाहेरचं घर
आवाजावरनं ओळखतात.
त्यावर उठून कुणी गेला न्हाई.
पर माझ्या तांब्यातलं पाणी पीत न्हव्हते,
खालनं बाटली मागवायचे.
अंग चालायचं.
तांब्या न्हाई.

नाव काळव्वा. आजीनं ठेवलं.
म्हणायची, देवीपण आपल्यासारखीच,
भंडारा लावतात म्हणून पिवळी दिसती.
लॉजवर मी रोशनी होतो.

तर ते आठ फोटो घेऊन नाडकचेरीत गेलो.
खिडकीशी गर्दी. शिपाई म्हणाला, लायनीत ऱ्हावा.
मागनं कुणीतरी, लायनीतलीच हाय की ती.
हशा पिकला. म्हातारी माणसंपण हसली,
त्यातला एक मला ओळखत होता, त्यो जास्त हसला.

हुक्केरी साहेबानं फोटो बघितला, मला बघितलं,
परत फोटो.
ही कोण?
मीच की साहेब.
नाव?
काळव्वा.
त्यानं पेन खाली ठेवलं. ही काळव्वा?
अर्ज कानडीत, माझी सही मराठीत,
बापाच्या नावाची जागा कोरी.
ह्यातलं सगळं त्यानं चालवून घेतलं खरं.
अडलं ते रंगावर.
म्हणाला, तोंड जुळत न्हाई, दुसरा फोटो आण.

जिंदगीत पैल्यांदा
काळी न्हाई म्हणून मला परत लावलं.

शिरगुप्प्याला म्हटलं, पांढरं काढ.
म्हणाला, जुना पुसला अक्का, परत बसावं लागंल.
बसलो. म्हटलं, लाईट एकदाच मार.
हनुवटी जिथं हाय तिथं ऱ्हाऊ दे.
त्यानं मशीनवर बोट नेलं, सवयीनं,
मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.
बोट मागं घेतलं.

नवा फोटो लई बरा न्हाई.
डोळ्याखाली खड्डे, नाकावर तेल,
काश्मिरात कोण ऊसतोडीला आलंय वाटतं.
पर आजी बघितली असती तर
हाक मारली असती.

पैले आठ पिशवीतच हायत.
फाडायला गेलो, हात होईना.
त्या बाईनंपण उपास काढलेत माझ्यासंगं,
पोरीची फी तिनंच भरली.

एक तेवढा कामाला आला.
मिशेरीच्या डबीचं झाकण ढिलं झालतं,
घडी घालून त्यात बसवला.
आता पक्कं लागतंय.