इतिवृत्त कायम करणे

सेलूच्या कॉलेजात, जिमखान्यामागच्या खोलीत
विद्यार्थी परिषदेच्या खुर्च्या सात.
आम्हीही सातच.
तरी मी उभी असायचे,
कारण सातव्या खुर्चीवर
अजिंक्य गिरामचं हेल्मेट बसायचं.

पहिल्यांदा म्हणाले, हे जरा उचलतोस का?
"सचिवबाई, तुम्हाला लिहायचंच तर आहे,
वालूरच्या शाळेत उभ्यानं लिहायला नाही शिकविलं काय?"
सगळे हसले.
शेंगा फोडताना हसतात तसं,
हातातलं काम न थांबवता.

रजिस्टर भिंतीला टेकवून मी लिहायचे.
भिंतीवर बॉलपेन मध्येच सुकतं,
दर दोन ओळींना झटकावं लागतं.
झटकून झटकून लिहायचे:
"गॅदरिंगच्या मांडवाबाबत सविस्तर चर्चा झाली."
सविस्तर चर्चा म्हणजे
त्यानं कोटेशनचा कागद नुजहतच्या अंगावर फेकला,
"हिशोब अब्बाच्या दुकानात कर, इथं नको."
"किरकोळ मतभेद" म्हणजे
भालेराव दोन दिवस कॉलेजात आलाच नाही.
"सर्वानुमते" म्हणजे
सहा माणसं आपापल्या चपलांकडे बघायलीत.

अक्षर किती सुंदर तुझं,
सही करताना लोमटे सर म्हणायचे,
मोबाइलवरून मान न उचलता.

आई म्हणाली, सोड ते पद.
मैत्रीण म्हणाली, त्याच्या मामाची ओळख आहे वरपर्यंत.
मीही पुष्कळ भाषणं केली मनात,
वालूरच्या बसमध्ये, खिडकीला डोकं लावून.
गाव येईपर्यंत विरून जायची.

मग डिसेंबरच्या सभेत ठरवलं,
कानावर पडेल ते लिहायचं. जसंच्या तसं.

जानेवारीत विषय क्रमांक एक, नेहमीचाच:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
हा विषय कुणी ऐकत नसतं.
कागदाच्या द्रोणांत सुशीला आली होती, वर शेव.
मी उभ्याउभ्या वाचू लागले.

"उपस्थित सात. खुर्च्या सात. एकीवर हेल्मेट.
श्री. गिराम कु. नुजहत पठाण यांना म्हणाले,
'तुला कुणी विचारलं का? गप बस की.'
हशा. हसणारे चार.
श्री. गिराम श्री. भालेराव यांना म्हणाले..."

ते वाक्यही मी वाचलं.
इथं लिहीत नाही, रजिस्टरात आहे.

"हशा. हसणारे तीन.
त्यांत सचिव."

मुरमुरे चावायचा आवाज थांबला.
लोमटे सरांनी मोबाइल पालथा ठेवला.

"हे काय लिहायलीस?" अजिंक्य उठला,
"खोड ते. आत्ताच्या आत्ता."
मी म्हणाले, आवाज हलला, खोटं कशाला सांगू,
"दुरुस्ती सुचवता येते.
काय बोलला होतास ते सांग, तसं लिहिते."

पहिल्यांदाच त्याला शब्द शोधावे लागले.
आणि सापडले ते
आधीच लिहून झालेले होते.

"सूचक? अनुमोदक?" सर म्हणाले, सवयीनं.
भालेराव नखानं टेबल कोरायला.
मग नुजहत, तोंडातला घास गिळून,
"बरोबर लिहिलंय. माझं अनुमोदन."
सूचक कुणी नव्हता.
बराच वेळ नव्हता.
मग भालेरावचा हात वर गेला,
डोक्याच्या वर नाही,
खांद्याइतकाच.

हेल्मेट काखेत मारून अजिंक्य गेला.
दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं,
त्यानं ते हळूच लावून घेतलं.
फेब्रुवारीत येईलच तो,
काहीतरी नवं शिकून.

खुर्ची रिकामी झाली तरी
मी पाचेक मिनिटं उभीच.
मग बसले.
तिचा एक पाय आखूड निघाला, डुगडुगायची.
हेल्मेटला कधी कळलं नसेल.

रजिस्टर मांडीवर घेतलं.
"श्री. गिराम चार वाजून वीस मिनिटांनी
सभा सोडून गेले.
विषय क्रमांक दोन."