विनु

दुपारी तीनला, पत्रा तापून कडकड वाजायला लागला
की मामा डेकवरची चादर काढतात.
मरून, मोराची. काठ चुकला म्हणून गाठोड्यातून मागे राहिलेली.
खाली जपानी डेक, तीन हेडचा, साडेनऊ किलो.
वजन मला ठाऊक आहे,
कारण साखर पेठेतल्या भंगारवाल्यानं तो किलोवर मागितला होता.

आधी कापसाचा बोळा, स्पिरिट.
हेडवरून तपकिरी डाग निघतो,
मामा तो उन्हाकडे धरून बघतात.
गाण्याचा मळ, म्हणतात. एवढं झिजलं आज.

मग कॅसेट. क्रोम, साठची.
पाठीवर मामांच्या हातचं :
सुंद्री – भगवंत लोंढे – मुलतानी – संप, दिवस २१.

यंत्रमाग बंद होते म्हणून तर हे रेकॉर्डिंग झालं.
एरवी आमच्या पेठेत कोण काय टिपणार,
भिंतीसुद्धा खटखट बोलायच्या.
एकविसाव्या दिवशी शेडमध्ये नुसती शांतता, आणि न विकलेल्या चादरी.
मामांनी त्या चहूबाजूंनी टांगल्या, घुमू नये म्हणून.
माइक रिकाम्या बीमला सुतळीनं बांधला.
लोंढ्यांनी पैसे घेतले नाहीत. द्यायला नव्हतेच.

मामांचे कान चौतीस वर्षं जकार्डखाली होते.
डॉक्टरांच्या कागदावरची रेघ
उजवीकडे सरळ चालत जाते आणि विहिरीत पडते.
सुंद्रीचा वरचा अर्धा भाग त्या विहिरीत आहे.
म्हणून हेडचा स्क्रू मामा फिरवतात, ऐकते मी.

विनु, म्हणतात.
आमच्या तेलुगूत ऐक म्हणायला विनु.
शाळेत बाई विण म्हणाल्या तेव्हा मी कान टवकारून बसले होते,
बाकीच्या पोरींनी सुया काढल्या.

आता?
धुकट आहे, मामा.
पाव फेरा. आता?
अजून पदराआडून येतंय.
केसभर मागे. आता?

आता बोटं दिसतात. भोकावरून बोट उचलल्याचा ओला आवाज,
त्यांचा श्वास, चादरीमागे कुणाचं तरी खाकरणं.
मी काहीच सांगत नाही.
डेकवर दोन काटे आहेत,
माझ्या भुवया त्यांचा तिसरा.

डॉल्बी नावाची एक कळ आहे त्यावर.
चौकात डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवरची भिंत, थरथरणारी तावदानं, पोलिसांची नोटीस.
इथे ती सळसळ गिळणारी मुकी कळ.
मामा ती बंदच ठेवतात.
सूत आलं की तूस आलंच, म्हणतात, उडू दे.
ती सळसळ त्यांना ऐकू येत नाही. मला येते.

नवव्या मिनिटाला टेप एकदा तुटली होती.
सुताची गाठ इथे चालत नाही,
तिरका काप, वर पट्टी, नखानं दाबून.
तिथे लोंढ्यांचा अर्धा श्वास गेलाय.
दर वेळी तिथे मामा आपला घेतात.

बाजू संपता संपता मुलतानी उतरते.
कुणी वाहवा म्हणत नाही, टाळी नाही,
एकवीस दिवसांच्या पोटानं माणसं नुसती बसून असतात.
आणि मग लांबून, भिंतींपलीकडून
एक माग सुरू होतो.
खट्. खट्. खटखट.

हा आवाज जाड आहे. हा मामांना माझ्याआधी ऐकू येतो.
टेपवर कुणीतरी विचारतं, कोण रे?
कुणी उत्तर देत नाही.
माग ओळखायला मामांना कधी दोन फेऱ्यांहून जास्त लागले नाहीत,
पट्ट्याच्या आवाजावरून ते मालक सांगायचे, मालकाचं कर्जही.
हा कुणाचा, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.
मी स्क्रूकडे बघते.

टक. डेक आपला आपण थांबतो.
खालून मामी हाक मारते, नळाला पाणी आलंय,
पाचव्या दिवशी आलंय, घागरी घ्या.
मामा मोर उलगडून डेकवर टाकतात,
चुकलेला काठ भिंतीकडे करून.