वायसर

चौदा वर्षं झाली.
बसवताना डॉक्टर म्हणाले होते, दहा धरा,
पुढं चालला तर तुमचं नशीब.
धातूचा जन्मभर टिकला असता,
पण मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज,
आणि माझ्या बोटांना पान्याचा मार
हप्त्याला ठरलेला.
म्हणून जनावराच्या काळजावरल्या पडद्याचा घेतला.
म्हणजे चामडंच की.

चामड्याचं मला कुणी सांगायची गरज नव्हती.
पंचायत समितीत सत्तावीस वर्षं हापसे उघडलेत,
रेणापूरपासून पार पानगावपर्यंत.
वायसर रात्रभर तेलात भिजवायचं,
सकाळी मऊ झालं की बसवायचं.
ते एकदम कधीच जात नाही.
आधी दोनदा दांडा मारला की पाणी,
मग चारदा, मग सातदा,
आणि बाया म्हणतात, पाणी खाली गेलं.
पाणी असतं तिथंच.

तहसीलच्या बावीस पायऱ्या
पोळ्यापर्यंत एका दमात होत होत्या.
आता अकराव्या पायरीवर थांबून
मोबाईल बघितल्यासारखं करतो.

लातूरला इको काढला.
अंधाऱ्या खोलीत गार जेल, पडद्यावर तीन पाकळ्या,
एक तर हलतच नव्हती.
"कॅल्शियम साचलंय, काका," पोरगी म्हणाली.
आमच्याकडं त्याला खार म्हणतात.
बोअरच्या पाण्यानं प्रयागच्या पातेल्याला धरतो,
सुरीनं खरवडला की पापुद्रे निघतात.
मी विचारलं, खरवडता येत नाही का?
पोरगी हसली,
मग हसायची थांबली.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं:
जुना काढायचा नाही,
मांडीतून नळी घालून
नवा त्याच्याच पोटात बसवायचा.
म्हणालो, केसिंगमध्ये केसिंग.
त्यांना कळलं नाही.
दगडवाडीच्या बोअरला आम्ही तेच केलं होतं.
पाणी आलं. धार बारीक.
किती दिवस चालंल, सरपंचानं विचारलं
तेव्हा मी नुसताच दांडा मारत राहिलो होतो.
डॉक्टर कागद उलटा करून
खर्चाचा आकडा लिहीत राहिले.

जुनी वायसरं मी कधी टाकली नाहीत.
डुगडुगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली तीन आहेत अजून.
काल रात्री त्याच पलंगावर
प्रयागनं छातीला कान लावला.
काही वाजतंय का?
"वाजतंय की. फुसफुस.
हवा धरलेल्या हापश्यावानी."
आणि कान न काढता
तशीच झोपून गेली.