जूनचं पान, दुसरं प्रूफ

नारायण पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
मी पुढच्या वर्षाचे दिवस तपासते.
बाहेर सप्टेंबर, टेबलावर जून.
चौकटीत तारीख, तारखेखाली तिथी,
अनुस्वार जागेवर. काम एवढंच.

नळस्टॉपच्या पुढे, साडीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर केळशीकर माझे दिवस तपासतात.
पहिला दिवस? दोन सप्टेंबर, मंगळवार.
तिसऱ्यापासून पाच दिवस गोळ्या.
दहाव्याला उजवीकडे अकरा मिलिमीटर,
बाराव्याला चौदा,
सोळाव्याला एकोणीस;
मग पोट पुसायला कागद, आणि चिठ्ठीवर इंजेक्शन:
आज रात्री दहा. दहा म्हणजे दहा.

चाकणला मकरंदची दुसरी पाळी.
(हा शब्द आमच्या घरात दोघांनाही लागतो.)
ती बदलून घेताना सुपरवायझरला त्याने सांगितलं,
घरी पाहुणे यायचेत.
आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ
फ्रीजच्या दारापाशी उभा राहिला,
हातात तो छोटा गार खोका.

शनिवारी पडद्यावर ती काळी गोल जागा नव्हती.
"फुटलंय," डॉक्टर म्हणाल्या.
कधी?
"छत्तीस तास धरले, तर शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास."
शुक्रवारी सकाळी दहाला
मी मार्चच्या पानावर
'धुलीवंदन'चं 'धूलिवंदन' करत होते.
काहीच कळलं नाही.
चहा गार झाला होता, तेवढं आठवतं.

एक तिथी अशी असते,
सूर्य उगवल्यावर सुरू होते
आणि पुढचा उगवायच्या आत संपते.
कुठल्याच सूर्योदयाला ती सापडत नाही.
तिला क्षय म्हणतात.
झालेली असते. फक्त कुणी पाहिलेली नसते.

आता पुढचा हिशोब.
मोबाइल म्हणतो, नऊ महिने सात दिवस: नऊ जून.
सासूबाई बोटांच्या पेरांवर, नऊ महिने नऊ दिवस: अकरा.
डॉक्टरांनी पुठ्ठ्याची चकती फिरवली,
"गोळ्या चालू असताना पाळीवरून मोजू नका, चुकतं.
शुक्रवारपासून मोजा. अडतीस आठवडे,
म्हणजे पुन्हा शुक्रवारच. बारा जून."
मग चकती खणात टाकत,
"पण आधी दोन आठवडे जाऊ द्या हो."

जाऊ देते.
याआधीच्या सहा महिन्यांनी
मला सहा तारखा दिल्या, सगळ्या तोंडपाठ:
वाढदिवस आहेत, माणसं नाहीत.
दोन तर याच वर्षी येऊन गेल्या.
एका दिवशी दूध उतू गेलं,
दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी पेढे वाटले,
त्यांचा भाचा दहावी पास झाला म्हणून.
मी दोन घेतले.

तर जून.
अकराला चतुर्थी, बाराला षष्ठी.
मी पेन्सिलीने मध्ये काकपद केलं, समासात लिहिलं:
पंचमी राहिली?
शिधये काकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पंचांग उघडलं, बोट फिरवलं.
"क्षय आहे. चूक नाही. राहू दे."
मी काकपद खोडलं,
आणि बाराच्या खाली, काही कारण नसताना,
बारीक टिंबं दिली,
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ,
आहे तसं राहू द्या.
प्रूफ काकांकडे जायच्या आत ती पुसली.
कागदावर किंचित खळगे राहिले.

तीन ऑक्टोबरला रक्त द्यायचंय.
ते पान समोर भिंतीवर आहे, खिळ्याला.
गेल्या वर्षी मीच तपासलेलं,
बारीक अक्षरांत, माझ्या सहीनिशी छापायला गेलेलं.
त्यात आता काही बदलता येत नाही.