हौदु म्हणेपर्यंत

पारिसा मास्तरांनी पुस्तक दिलं नाही.
म्हणाले, वाचलेलं उतरतं गा, घामासारखं.
एक रीत घे, आठवडाभर अंगात घाल,
मग ये, कुठं काचली ते सांग.

मी उद्यमबागेत, फाउंड्रीत. मोल्डर.
काळी वाळू, वरची पेटी, खालची पेटी
आणि मधली पोकळी.
लोखंड तिचं ऐकतं,
एवढं मला मास्तरांच्या आधी ठाऊक होतं.

पहिली रीत संशयाची.
नाकारता येईल ते नाकारायचं, उरेल ते खरं.
मी कॅलेंडर नाकारलं, फोरमन नाकारला,
तिसऱ्या दिवशी तापली पळी नाकारायला गेलो.
मनगटावर अजून आहे तिचं उत्तर.
मास्तर हसले, मग बराच वेळ मलम शोधत राहिले.

पुढं, धूर तिथं आग.
येळ्ळूरच्या गडावर धूर दिसला, सायकल हाणली.
वर नुसतं धुकं, आणि धुक्यात एक म्हातारा
शेळ्या मोजत होता. चार वेळा, चार आकडे.
नियम बरोबर होता. धूरच धूर नव्हता.

मग प्रश्नांची रीत. फोरमन मुचंडींना विचारलं,
योग्य मजुरी म्हणजे कुठली?
करारातली.
करार योग्य कशानं?
सहीनं.
सही भुकेनं केली असली तर?
अर्ध्या दिवसाचा खाडा पडला.
पूर्वी विष द्यायचे म्हणे.

निजण्याआधी दिवसाचा हिशेब लिहायचा, हीही एक रीत:
कुणावर रागावलो, कशापायी.
सहा रात्री वहीत एकच नाव आलं.
इराप्पा.

इराप्पा माझ्या शेजारी कोअर बसवतो.
एक नोव्हेंबरला त्याच्या गळ्यात लाल-पिवळं,
माझ्या दंडावर काळी फीत,
दोन तारखेला दोघांना एकच भट्टी.
कोपऱ्यावरच्या पाटीला कुणी डांबर फासलं
त्या रात्रीपासून आम्ही बोललो नव्हतो.

मास्तरांनी वही वाचली, मिटली.
आता पूर्वपक्ष, म्हणाले.
त्याचं म्हणणं त्याच्याहून नीट मांड,
त्याच्याच भाषेत, तो हौदु म्हणेपर्यंत.
खंडन नंतर. तोवर तोंड बंद.

माझी कन्नड बाजारातली:
एष्टु, बेडा, कडिमे माडि.
हिच्यात भाव पाडता येतो,
दुसऱ्याची बाजू उभी करता येत नाही.
पहिल्यांदा चहाच्या गाड्यावर मांडली,
तो म्हणाला, अल्ल.
दुसऱ्यांदा मी मध्येच एक टोमणा सरकवला.
कप तसाच ठेवून गेला.

पावसाळा सरला. मी शब्द मागत राहिलो,
त्याच्याकडूनच, सुटे पैसे मागावे तसे.
एका संध्याकाळी त्याच्या आज्जाची गोष्ट मी सांगत होतो:
कचेरीचं पत्र आलं की
आपल्याच गावात दुसऱ्याच्या ओट्यावर बसायचे,
कुणी वाचून दाखवेल म्हणून.
आणि मी थांबलो.
रेशनचा कागद घेऊन माझी आई
शेजारच्या पोराकडे जाते, तिची चप्पल आठवली.

हौदु, म्हणाला इराप्पा.
आणि एक विभक्ती दुरुस्त केली.

मग म्हणाला, बस आता. मी तुझं सांगतो.
त्याच्या मराठीत नदी पुल्लिंगी, बाप नपुंसकलिंगी,
आणि माझी बाजू,
मी पोसली होती त्याहून रोड,
पण पायावर उभी.
त्यात एक वाक्य मी कधीच बोललो नव्हतो:
हा भितंय, पोरं उद्या कुठल्या भाषेत
भांडतील याच्यासंगं.
मी चूक शोधली. लिंगाची सापडली.
हौदु म्हणालो.
थोड्या वेळानं, होय.

आणि खंडन? मास्तरांनी विचारलं.
राहिलंय.
त्यांनी चष्मा पुसला. दुसरी रीत दिली नाही.

कोपऱ्यावरच्या पाटीवर डांबर तसंच आहे,
आम्ही ती दोन बाजूंनी वाचतो.
सकाळी मी वाळू ठोकतो, तारेनं भोकं पाडतो,
वाफ निघून जायला,
नाहीतर ओतलेलं उसळून अंगावर येतं.
इराप्पा कोअर ठेवतो, वाकून बघतो.
आणखी दोन भोक पाड, म्हणतो.